फळा लिहिणारे दत्ताराम

घाटकोपरच्या भटवाडीत बत्तीस वर्षं एक फळा होता आणि त्या फळ्याला धनी एकच होता. मंडळाच्या ऑफिसशेजारी भिंतीला ठोकलेला फळा, पुढे जाळी, जाळीला कुलूप आणि कुलपाची चावी दत्ताराम साळसकरांच्या खिशात. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते पॅकिंग खात्यात होते. पहिल्या पाळीला निघण्याआधी ते फळा पुसत आणि बारा ओळी लिहीत. पाणी किती वाजता येणार, दहावीला कोणाची मुलगी चमकली, कोण वारलं, रेशनवर काय आलंय, आणि शेवटी एक टोमणा. टोमण्यात नाव कोणाचं नसे, पण ज्याला बसायचा त्याला तो बरोबर बसे. ओळी बाराच का, तर तेराव्या ओळीला जागा नव्हती म्हणून.

त्यांचा नियम एकच होता. कालचं आज दिसता कामा नये. एकदा तापाने फणफणले असताना ते बायकोच्या खांद्याचा आधार घेत फळ्यापाशी गेले. लिहायला नव्हे, नुसतं पुसायला. शिळं दिसलं की माणूस मान वर करायचं सोडतो, असं त्यांचं म्हणणं. भटवाडीत मान वर न करता त्या फळ्यावरून पुढे जाणारा माणूस सापडला नसता, हेही तितकंच खरं.

मग मंडळाने फळा काढला आणि तिथे वाढदिवसांच्या शुभेच्छांसाठी फ्लेक्सची चौकट लावली. दत्ताराम निवृत्तही त्याच सुमारास झाले. दोन घाव एकदम बसले आणि माणूस घरातल्या घरात कडू झाला. पेपरातल्या चुका लाल पेनाने काढायच्या आणि बायकोला वाचून दाखवायच्या, एवढंच काम उरलं. तिने बिचारीने चार महिने ऐकलं आणि एके दिवशी सरळ सांगितलं, पुतणीच्या दुकानात जाऊन बसा, तिथे पंखा चांगला आहे.

पुतणी म्हणजे रुचिरा, दत्तारामांचे थोरले भाऊ शिवदास यांची मुलगी. शिवदासना अर्धांगवायू झाला, दोन वर्षं अंथरुणावर काढून ते गेले. त्यांचा हॉस्पिटल बेड घरात रिकामा पडला, तो शेजारच्यांनी मागून नेला, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. त्यातून रुचिराने गोळीबार रोडला दुकान थाटलं, ‘उभारी’. बेड, व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, सगळं भाड्याने मिळेल. दुकान चालत होतं, पण अलीकडे लोक आधी मोबाईलवर शोधतात आणि मग फोन करतात. ‘उभारी’ची वेबसाइट होती, पण तिच्यावरून फोन येत नव्हता.

दत्तारामांनी ती वेबसाइट पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना हसू आवरेना. वर चार वर्षांपूर्वीच्या नववर्षाच्या शुभेच्छा. खाली व्हीलचेअरवर बसून खो खो हसणारे एक गोरे आजोबा. घाटकोपरात व्हीलचेअरवर बसून इतकं कोण हसतं, असं त्यांनी विचारलं. त्याखाली ‘उच्च दर्जाची सेवा देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ हे वाक्य तर त्यांना पेपरातही सहन होत नसे.

रुचिराने मनाशी ठरवलं होतं. पवईतल्या एका एजन्सीला ती हे काम देणार होती. महिन्याला बारा लेख, चकचकीत फोटो, सगळं त्यांच्याकडे. दत्ताराम खुर्चीत सरसावले.

“गणपतीपर्यंत मला दे,” ते म्हणाले. “तीन महिने. फोन वाढले नाहीत तर तुझ्या एजन्सीला मी स्वतः चहा पाजीन.”

“काका, हा फळा नाहीये रे.”

“तुला काय ठाऊक, गो? फळाच आहे.”

रुचिराने तीन महिने दिले. नाही म्हटलं असतं तर काका पुन्हा लाल पेन घेऊन घरी बसला असता आणि ते तिला बघवलं नसतं. पण गणपतीनंतर एक दिवसही नाही, हेही तिने बजावलं. दत्तारामांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बत्तीस वर्षं ज्याच्या अक्षरावर वाडी उठत होती, त्याला तीन महिन्यांची काय भीती?

वेबसाइट बांधली होती अल्पेशने. पंतनगरचा हा गुजराती माणूस दहा दुकानांच्या वेबसाइट सांभाळायचा आणि म्हणून कोणाकडेच वेळेवर पोचायचा नाही. त्याने अर्ध्या तासात शिकवलं. इथे लिहायचं, हे दाबलं की लोकांना दिसतं. आणि हे दाबलं की जातं. दत्तारामांनी शेवटचं बटन नीट पाहून ठेवलं. डस्टर कुठे आहे हे कळल्याशिवाय ते खडूला हात लावत नसत.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. दत्ताराम फोनशेजारी बसत आणि गिऱ्हाइकं काय विचारतात ते कान देऊन ऐकत. दिवसात जो प्रश्न सगळ्यात जास्त घाबरून विचारला जाई, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी बारा ओळींत वेबसाइटवर. अरुंद जिन्यातून बेड वर कसा जाईल? तो सुट्या भागांत येतो, आधी दाराची रुंदी मोजा. वॉकर किती उंच हवा? माणूस उभा राहून हात खाली सोडतो तेव्हा मनगट जिथे येतं, तितका. हवेच्या गादीचा पंप घूं घूं करतो, तो बिघडलाय का? नाही, तो त्याचं काम करतोय, तुम्ही झोपा. गोऱ्या आजोबांच्या जागी दुकानाचाच फोटो आला, दारात रुचिरा आणि मागे घडी केलेल्या चार व्हीलचेअर.

आणि फोन वाढले, झकास वाढले. कुर्ल्याहून एका बाईंनी नुसतं सांगायला फोन केला की पंपाचं वाचलं आणि आठ दिवसांनी झोप लागली. दत्ताराम त्या दिवशी घरी पायी गेले, छाती पुढे काढून, आणि वाटेत फ्लेक्सच्या चौकटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मात्र फोन हळूहळू उतरले. तिसऱ्यात जवळजवळ बंद पडले. दत्तारामांचा हुरूप तसाच होता. रोज बारा ओळींच्या मजकुराची नवी थाळी ते वाढत होते आणि जेवायला कोणी का येत नाही हे त्यांना कळत नव्हतं. मधूनच कोणी फोन करून म्हणे, ते जिन्याचं लिहिलेलं दिसत नाहीये. त्यावर दत्तारामांचं उत्तर ठरलेलं, ते मागच्या आठवड्यातलं, तेव्हाच वाचायला हवं होतं. एका सुनेने यावर फोनच ठेवून दिला. तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही, हे नंतर आठवून त्यांना फार वाईट वाटलं.

गणपतीला पंधरा दिवस उरले आणि अल्पेश एकदाचा उगवला. त्याने लॅपटॉप उघडला, दोनदा खालीवर केलं आणि विचारलं, “काका, बाकीचं कुठे आहे?”

“बाकीचं म्हणजे?”

“जुनं. तीन महिन्यांचं.”

“ते पुसलं,” दत्ताराम म्हणाले. “रोज सकाळी पुसतो. त्याशिवाय नवं कसं लिहिणार?”

अल्पेशने कपाळाला हात लावला. मग त्याने शांतपणे समजावलं, आणि हे त्याचे उपकारच म्हणायचे, कारण त्याला ओरडता आलं असतं. भटवाडीच्या फळ्यावरून रोज तीच माणसं जात होती, त्यांना रोज नवं हवं होतं. इथे तसं नाही. इथे माणूस एकदाच येतो, ज्या दिवशी त्याच्या घरात कोणी पडतं त्या दिवशी. तुम्ही जिन्याचं जूनमध्ये लिहिलंत, पण त्याचा बाप ऑगस्टमध्ये पडला. त्याला ते आजचंच आहे. लोकांनी तुमच्या पानांचे पत्ते एकमेकांना पाठवले होते, गूगलनेही ते ध्यानात ठेवले होते. माणूस त्या पत्त्यावर येतो आणि दार बंद. दोनदा दार बंद दिसलं की तिसऱ्यांदा कोण येईल?

एकूण एकाहत्तर लेख गेले होते. शेवटच्या आठवड्यातले सात अल्पेशला परत आणता आले. चौसष्ट गेले ते गेलेच. दत्तारामांनी वहीत काही लिहून ठेवलं नव्हतं. बारा ओळी थेट डोक्यातून फळ्यावर, हीच त्यांची आयुष्यभराची ऐट होती. रुचिराने फक्त एजन्सीचा नंबर काढून समोर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, इतकं ते दत्तारामांना लागलं.

पण माणूस हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. जिथे जिथे ‘उभारी’चा बेड नाहीतर गादी होती, त्या प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं, माझं लिहिलेलं तुमच्याकडे काही उरलंय का? बायका मोबाईल उघडत. कोणी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, कोणी बहिणीला पाठवलं होतं ते तिच्याकडून परत मागवलं. मुलुंडच्या एका मास्तरांनी तर प्रिंट काढून फाईलला लावलं होतं. दहा दिवसांत एक्केचाळीस लेख गोळा झाले.

असल्फ्याला टेकडीवर, एकशे चार पायऱ्या चढून, ते सुगंधाताईंच्या खोलीत पोचले. सासूबाई बेडवर होत्या. कपाटावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, सुगंधाताईंनी दत्तारामांच्या बारा ओळी हाताने उतरवून चिकटवल्या होत्या. दत्तारामांना भरून आलं. मग ते जवळ गेले आणि त्यांनी पाहिलं की त्यात खाडाखोड आहे.

‘बेड दोघांनी वर न्यावा’ हे खोडलं होतं. वर लिहिलं होतं: ‘तिघं लागतात. तिसऱ्याने पुढे जाऊन शेजाऱ्यांच्या चपला आणि पिंपं बाजूला करायची.’ ‘दर दोन तासांनी कूस बदला’ याच्यापुढे: ‘आधी सांगायचं, मग हात लावायचा. न सांगता वळवलं की त्या घाबरतात.’

बत्तीस वर्षांत दत्तारामांच्या ओळीवर कोणी हात चालवला नव्हता. जाळीच होती ना मध्ये. ते उखडले. हे कोणी सांगितलं, असं त्यांनी जरा करड्या आवाजातच विचारलं.

“कोणी कशाला सांगायला पाहिजे?” सुगंधाताई म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंत ते केलं. जिथे अडलं तिथे सुधारलं.” मग त्यांनी सहज विचारलं, “तुमच्या घरी कोण होतं पडून?”

“भाऊ.”

“मग त्यांचं का नाही लिहिलं कुठे?”

दत्तारामांनी खिशातून पेन काढलं आणि सुगंधाताईंच्या दुरुस्त्या एकेक करून उतरवून घेतल्या.

परत आल्यावर काम नव्या रीतीने सुरू झालं. एक्केचाळीस लेख वेबसाइटवर चढले, ज्याच्या त्याच्या जुन्या पत्त्यावर. हे अल्पेशने केलं, आणि चक्क वेळेवर केलं. पुसायचं काहीच नाही. चूक असेल ती ओळ खोडल्यासारखी दिसेल, शेजारी नवी ओळ, खाली तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव. ‘ही ओळ असल्फ्याच्या सुगंधाताईंनी दुरुस्त केली.’ आणि तळाशी, तुमच्याकडे अडलं तर कळवा. चार दिवसांत नऊ माणसांनी कळवलं. मास्तरांनी तर एका लेखात सात चुका काढल्या, पैकी तीन खऱ्या होत्या आणि त्या दत्तारामांनी मान्य केल्या. चार नव्हत्या, त्यावर ते मास्तरांशी फोनवर अर्धा तास भांडले. दोघांनाही मजा आली. जिन्याचं पान आता रोज थोडं बदलत होतं आणि तरी तेच होतं. फोन पुन्हा वाजू लागला.

तरीही एक लेख राहिला होता. गणपतीच्या आदल्या दिवशी दत्तारामांनी दुकानाच्या मागच्या खुर्चीवर बसून तो लिहिला. उद्या रुचिरा एजन्सीला हो म्हणाली तरी हे लिहून जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शिवदासच्या आजारपणाचं होतं ते. सुरुवातीचे दोन महिने तो जमिनीवर गादीवर होता. पाठीला जखमा झाल्या त्या तेव्हाच्या, आणि त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. बेड वेळेवर आला असता तर झाल्या नसत्या. सातवी ओळ लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला: ‘घरात हॉस्पिटलचा बेड आला तर दादा खचेल, लोक काय म्हणतील, असं म्हणून मीच दोन महिने नको म्हणालो.’ हे ते आजवर कोणाजवळ बोलले नव्हते. रुचिरा तेव्हा त्या घरातच होती, तिला ते माहीत होतं, आणि तीही कधी बोलली नव्हती. बारावी ओळ होती: ‘तुम्ही थांबू नका.’ त्यांनी बटन दाबलं आणि घरी निघून गेले.

गणपतीच्या दिवशी आरती झाली, जेवणं झाली. रुचिरा मोदक घेऊन येऊन गेली, एजन्सीचं काही बोलली नाही. दत्तारामांनीही विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, असं म्हणा. दुपारी पाट उचलून सगळे आडवे झाले तेव्हा त्यांनी मोबाईल उघडला. वेबसाइट अजून आपल्याला उघडू देते का, एवढंच बघायचं होतं.

उघडली. कालचा लेख तिथेच होता. सातव्या ओळीतला एक शब्द खोडलेला होता, ‘मीच’. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, ‘आम्ही सगळेच’. खाली आजची तारीख होती, आणि पुढे: ‘ही ओळ रुचिराने दुरुस्त केली. पुढचा लेख काका मंगळवारी लिहील.’

दत्तारामांनी ती ओळ तीनदा वाचली, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचली. तिच्यात त्यांना एकही चूक सापडली नाही.