वहीत फक्त माझं अक्षर

बुधवारी सकाळी घराजवळ, गारखेड्यात भाजी घेत होतो, तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. "सर, बाबा गेले. पहाटेच. चार वाजता नेणार आहोत." मी काहीतरी बोललो, येतो म्हणालो, आणि मेथीची जुडी हातात धरून तसाच उभा राहिलो. आता दीड महिना झाला, म्हणून लिहायचं धाडस करतो… त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार साहेबरावांचा आला नाही. वह्यांचा आला. त्या वह्या आता कुणाच्या हाती लागतील, आणि कुणी वाचल्या तर?

साहेबराव वाहूळ हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी कधी ऐकलेलं नाही. त्यांचं म्हणणं मात्र अनेकांना पाठ आहे. सहा वर्षं याच पानावर 'घरबसल्या सिनेमा' हे सदर माझ्या नावानं येत होतं. साहसपट, भयपट, आकाशात उडणारे महानायक यांच्याबद्दल त्यात जे जे तुम्हाला आवडलं, कात्रण काढून ठेवावंसं वाटलं, ते साहेबरावांचं होतं. मी शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर पुरवणीचं काम पाहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सदर लिहायला सांगितलं, आणि मी हो म्हणून बसलो. ते सिनेमे मला कळत नव्हते. मारामारी सुरू झाली की माझा डोळा लागायचा. माझी आणखी एक विद्यार्थिनी, प्रज्ञा, रस्त्यात भेटली तेव्हा मी गाऱ्हाणं सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "आमच्या बाबांना विचारा सर. रोज एक सिनेमा बघतात, आणि आम्हाला जेवताना त्याच्यावर व्याख्यान."

साहेबरावांनी सारं आयुष्य चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काढलं होतं. पत्रा घालायचा, ठोका बसायचा, पत्रा काढायचा. त्या ठोक्यांनी त्यांचे कान गेले. कानाला लावायचं मशीन आणलं, तर त्यातून नुसती शिट्टी वाजायची म्हणून ते कपाटात पडलं. कारखान्याच्या मागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही, त्यापुढे लोखंडी कॉट. टीव्हीचा आवाज कायम बंद. मी दर बुधवारी दुपारी स्कूटरवर जायचो. ते बोलायचे, ऐकू येत नसणाऱ्याच्या चढ्या आवाजात, आणि मला काही विचारायचं असलं की मी वहीत लिहून पुढे धरायचो. ते वाचायचे, वही मला परत द्यायचे, उत्तर तोंडानं द्यायचे. अशा अकरा वह्या झाल्या, आणि त्या त्यांच्याच कॉटखाली राहायच्या.

पहिल्याच बुधवारी मी लिहिलं, 'भुताचे सिनेमे आवाजाशिवाय कसे पाहता? मजा जात नाही का?'

"आवाज काढला का निम्मी भुतं जागीच मरतात, सर. उरलं तं खरं समजायचं," ते म्हणाले. "आन् भुताला मोठं घर लागतं, बघा. जिने, तळघर, बारा खोल्या. आमच्या इथं आलं तर बिचारं उभं कुठं ऱ्हाईल? कॉटवर मी, खाली नातू."

मग त्यांनी एका सिनेमाबद्दल सांगितलं. एक बाई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालते आहे, मागं दार अर्धवट उघडं आहे. दारातून कुणीच येत नाही. ती घड्या घालत राहते. "लई भ्यालो," ते म्हणाले. "कंपनीच्या शॉपमधी शेजारच्याची बोटं गेली ना, तवा आधी काय वाजलं नव्हतं. हात कामात व्हता. मशीन चालूच व्हतं."

मी घरी येऊन लिहिलं. 'खरी भीती पूर्वसूचना देत नाही. ती हात कामात असताना येते.' वाचकांची पत्रं आली. शेजारचे प्राध्यापक जिन्यात थांबवून म्हणाले, काय पकडलंत! मी मान खाली घालून हसलो. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले धडे शिकवले होते. पहिल्यांदाच कुणी माझं वाचत होतं… माझं. साहेबरावांच्या तोंडचं 'लई' काढून तिथं 'अत्यंत' बसवायचो, आणि एवढ्यालाच मी लेखन म्हणायचो.

महानायकांवर त्यांचा विशेष राग. "पाठीला तो पडदा लावून आमच्या मशीनपाशी आला असता तं सुपरवायझरनं गेटवरूनच घरी पाठवला असता. सैल कापड गुंतलं का माणूस गेला." शेवटच्या लढाईनंतरही ते टीव्ही बंद करायचे नाहीत. "सहा बिल्डिंगा पाडल्या ह्यानं. आता बघायलो, झाडायला कोण येतंय." कुणीच यायचं नाही. साहसपटात ते हमाल मोजत. नकाशा एकाच्या हातात, ओझं बाराजणांच्या डोक्यावर, आणि पहिल्या दरीपाशी बारातले चार कमी. "त्यांची नावं पण नसतात, सर. पडताना निस्तं 'आ' करतात. मला तं तेही ऐकू येत नाय." आणि आपल्याच बोलण्यावर ते खो खो हसले. हे सगळं छापून आलं. सगळं माझ्या नावावर.

त्यांना हे माहीत नव्हतं, असं म्हणून मला सुटता येणार नाही. प्रज्ञा त्यांना पुरवणी आणून द्यायची. पहिला लेख आला तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. नाक्यावरच्या चहावाल्याला दाखवून आले. पुढच्या बुधवारी म्हणाले, "तिथली पोरं हसायली, सर. पेपरावर लिहून दाखवलं, बोलणं तुमचं कसं? नाव तं मास्तरचं हाय." मी वहीत काही लिहायच्या आत तेच म्हणाले, "एक डाव टाका की माझं पण. बारीक अक्षरात, खाली कुठंतरी." मी लिहिलं, 'पुढच्या वेळी.'

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं नाही. तोंडावर मुखवटा लावणाऱ्या एका महानायकाबद्दल बोलत होते. "जग वाचवतो आन् नाव लपवतो. लोक म्हणतात, केवढं मोठं मन. त्याला काय जातंय? मुखवट्याखाली कोण हाय, ते सिनेमा बघणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतंय. आपल्याला कोण बघायलंय, सर?" मला कळलं. मी पुन्हा लिहिलं, 'पुढच्या वेळी नक्की.' आणि त्या आठवड्यात मुखवट्याचं ते वाक्य वापरलं. आमच्या गावी शेत पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी कसलं आणि सातबाऱ्यावर नाव आमचं राहिलं. मला वाटायचं, मी ते सगळं गावीच सोडून आलोय. साहेबरावांशी मी कायम अहो-जाहोनं बोललो. तेवढं देण्यात माझं काही जात नव्हतं.

सदराला पाच वर्षं झाली तेव्हा वाचकांनी क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात माझा सत्कार ठेवला. साहेबराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. शाल, नारळ झालं. मग कुणीतरी विचारलं, "सर, आम्हाला जे दिसत नाही ते तुम्हाला कसं दिसतं?" मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मी सिनेमा आवाज बंद करून पाहतो." सभागृहात टाळ्या पडल्या. त्या माणसाचे विचार मी घेतलेच होते, त्या दिवशी त्याचं बहिरेपणही घेतलं. मागे पाहिलं, तर सगळे वाजवतात म्हणून साहेबरावही टाळ्या वाजवत होते, हात डोक्याच्या वर नेऊन.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "काय बोललाव, सर? लोक लई खूश झाले." वही नव्हती, म्हणून निमंत्रणपत्रिकेच्या मागे मी लिहिलं, 'नेहमीचंच.'

पुढे त्यांना धाप लागू लागली. सिनेमा निम्म्यातच सोडायचे. बोलणं कमी झालं तसं माझं सदरही आटलं, आणि शेवटी प्रकृतीचं कारण सांगून मी ते बंद केलं. माझ्या प्रकृतीचं. शेवटचं भेटलो ते जाण्याच्या आठवडाभर आधी. टीव्ही चालू होता, कुणीतरी उंच इमारतीवरून उडी घेत होतं, आणि साहेबराव तिकडं न पाहता कॉटखालून बाहेर काढलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहत होते. त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी वहीत एक शब्द लिहून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. कारखान्यातले जुने सोबती एकेक करून बोलले. मग प्रज्ञा म्हणाली, "सर, तुम्ही दोन शब्द बोला. बाबांना तुमचा लई अभिमान होता." नाक्यावरची ती पोरं, आता स्वतः बाप झालेली, समोरच बसली होती. तिथं एक वाक्य पुरे होतं. मी उठलो आणि म्हणालो, "साहेबरावांना सिनेमाची आवड होती." त्यांच्या स्वभावाबद्दल आणखी काहीतरी बोललो आणि खाली बसलो.

निघताना प्रज्ञानं अकरा वह्या दोरीनं बांधून माझ्या हातात दिल्या. "अक्षर तुमचंच आहे सगळं, म्हणून तुम्हालाच देते." मग म्हणाली, "सर, एक विचारू? मधेमधे 'पुढच्या वेळी', 'पुढच्या वेळी' असं लिहिलंय. कशाबद्दल होतं?"

मी म्हणालो, "थिएटरात जायचं ठरवत होतो. राहूनच गेलं."

"हो का," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

प्रज्ञा, ते खोटं होतं. ते कशाबद्दल होतं, ते वर लिहिलं आहे. पण लिहून काय होणार आहे, हेही मला दिसतं. साहेबराव हे वाचणार नाहीत, आणि या लेखाखालीही नाव माझंच छापून येणार आहे.

वह्या आता माझ्या टेबलावर आहेत. रोज दुपारी एक काढतो आणि प्रश्नांखाली त्यांची उत्तरं लिहायला बसतो. 'हा सिनेमा खोटा का वाटला?' याच्याखाली मोकळी जागा आहे. 'शेवट तुम्ही कसा केला असता?' मोकळी जागा. आठवायला गेलं की माझी छापलेली वाक्यंच पुढे येतात, स्वच्छ, 'अत्यंत' घातलेली. वर जे त्यांच्या तोंडी लिहिलं, तेवढंच हाती लागलं. त्यातलंही किती त्यांचं आणि किती माझं, याची खात्री मला देता येत नाही. सहा वर्षांतलं बाकीचं बोलणं मीच पुसत गेलो, दर आठवड्याला, शुद्धलेखन तपासून.

अकरावी वही निम्मी कोरी आहे. त्या शेवटच्या दुपारी त्यांनी विचारलं होतं, "ह्या वह्या उद्या कुणी वाचल्या, सर, तं त्याला समजंल का, इथं कोण बोलायलं व्हतं?" हा प्रश्न वहीत नाही. वहीत शेवटच्या पानावर, माझ्या अक्षरात, फक्त एवढंच आहे: 'समजेल.'