भिंतीपलीकडचं गाणं

ग्रिम्सबीच्या बंदरावर मासळीच्या एका कचेरीत मॉड थ्वेट दिवसभर टाइपरायटर बडवायची आणि घरी येऊन कादंबरी लिहायची. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर विटांच्या जोडघरांच्या रांगेतलं ते घर तिचं एकटीचं झालं. त्रेपन्न साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या एका प्रकाशकाने तिची पहिली कादंबरी छापली. गल्लीत कुणी पेढे वाटावेत असं काही झालं नाही. लिहिणारी बाई म्हणजे रिकामटेकडी बाई, एवढंच.

कादंबरीत एक प्रसंग होता. नवरा बुडाल्याची तार येते, बायको दार लावून घेते आणि बटाटे सोलता सोलता गाऊ लागते. एका वर्तमानपत्राने नेमक्या त्याच पानाची वाखाणणी केली. पण ते पान मॉडने मनाने रचलेलं नव्हतं. महायुद्धात शेजारच्या आयव्ही स्टॅमरचा नवरा वॉल्टर सुरुंग काढणाऱ्या बोटीसकट बुडाला, त्या दुपारी मॉडने मधल्या भिंतीतून ते गाणं ऐकलं होतं.

आयव्हीने वाचनालयातून पुस्तक नेल्याचं मॉडला पाववाल्याकडे रांगेत कळलं. तिला भीती आयव्हीची नव्हती, वॉल्टरच्या थोरल्या भावाची, हॅरल्डची होती. हॅरल्ड गोदीवर मुकादम. कामाचे कागद घेऊन रोज तिच्याच टेबलाशी यायचा. मेलेल्या भावाबद्दल वाकडा शब्द काढला म्हणून त्याने एका खलाशाचा जबडा मोडला होता, आणि तो खलाशी अजून पेज पिऊन होता.

आठ दिवस आयव्ही तिच्याशी बोलली नाही. कचेरीत हॅरल्डच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला की मॉडची बोटं भलत्याच अक्षरांवर पडत.

शनिवारी दुपारी आयव्हीने दार वाजवलं. चेहरा कोरा. म्हणाली, "हॅरल्ड आलाय. तुला बोलावतोय."

नाही म्हणायची सोय नव्हती. आयव्हीच्या स्वयंपाकघरात टेबलावर पुस्तक पालथं पडलं होतं आणि हॅरल्डचा पंजा त्यावर होता. त्याने आवाज चढवला नाही. "ही गाणारी बाई कोण?"

मॉडच्या तोंडातून कसंबसं आलं, की लिंकन शहरात तिची एक मावशी होती, तिची ही गोष्ट.

"मावशीचं नाव?"

"हेस्टर." अशी मावशी तिला कधीच नव्हती.

हॅरल्डने भावजयीकडे पाहिलं. आयव्ही चहा ओतत होती. ओतता ओतताच म्हणाली, "मी तीन दिवस रडत होते. हिला माहीत आहे. विचार हिला."

मॉडने होकाराची मान हलवली. हॅरल्ड टोपी उचलून निघून गेला.

मॉडला वाटलं, आता आयव्हीचे पाय धरावेत. ती माफी मागू लागली, पण आयव्हीने तिला बोलू दिलं नाही.

"गाणं ऐकू आलं तुला?"

"हो."

"म्हणजे वॉल्टर मला मारायचा, तेही ऐकू येत असणार."

आयव्हीने किटली खाली ठेवली.

"सहा वर्षं. एकदा तरी दार वाजवायचंस, मॉड."

मॉड आता हॅरल्डला भ्याली होती, तशीच तेव्हा ती वॉल्टरलाही भ्याली होती. आयव्हीने चहाचा दुसरा कप भरला नाही.

वर्षभराने आयव्ही लाउथला बहिणीकडे राहायला गेली. मॉडने पुढे आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या, दोन्ही राजवाड्यांतल्या माणसांच्या. त्या कुणी फारशा वाचल्या नाहीत. हॅरल्ड निवृत्त होईपर्यंत तिच्या टेबलाशी कागद ठेवत राहिला. अधूनमधून, सहज विचारल्यासारखं, मावशीचं नाव काय म्हणाली होतीस, असं विचारायचा.