खडीवर न सापडलेला दोष

आमच्या ह्यांना सगळं गॅरेज भागूबाई म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि हे हसून ओ देतात. पालीला भितात, इंजेक्शनला भितात, पलंगाखाली झाडू घालायचा तरी मलाच हाक मारतात. तरी जुन्या गाड्या लोक ह्यांच्याकडेच आणतात, कारण भित्रा मेकॅनिक नट दोनदा आवळतो. बायकोला मात्र त्याचा काही उपयोग नाही. दाराची कडी लावली का, गॅस बंद केला का, ह्याची उत्तरं देण्यात माझा उभा जन्म गेला.

लेक नेमकी उलट, कशाला म्हणून भ्यायची नाही. डोंगरावरच्या वस्तीतले पेशंट ती एका जुन्या फोर व्हील गाडीतून खाली दवाखान्यात आणते. चिखलात पुढची चाकंही जोडायची, डांबरावर ती सोडायची, त्यासाठी गिअरशेजारी एक छोटा दांडा आहे. काही दिवस ती कुरकुरत होती, "बाबा, वळणावर गाडी अडते. कुणीतरी मागून धरल्यासारखी. वळवते तरी सरळच जाऊ बघते."

ह्यांनी स्टिअरिंगचे सांधे पाहिले, ब्रेक पाहिले, चारही टायरांचा घेर दोरीने मोजला. गॅरेजच्या अंगणात गाडी डावीकडे गोल फिरवली, उजवीकडे गोल फिरवली. कुठे अडली म्हणाल तर नाव नाही.

"हिला काही झालेलं नाही," हे म्हणाले. आणि दुपारी जेवायला बसल्यावर घास हातातच ठेवून म्हणाले, "आपलं अंगण खडीचं आहे."

मला वाटलं, डोकं फिरलं.

"अगं, वळताना पुढच्या चाकांना जास्त रस्ता कापावा लागतो, मागच्यांना कमी. दांडा सोडूनही दोन्ही एकमेकांना जखडलेली राहिली, तरी खडीवर चाकं सरकतात, भागून जातं. कोरड्या डांबरावर सरकणार कुठे? तिथं घोडं पेंड खातंय."

आणि वळणांचा डांबरी रस्ता आमच्याकडे एकच, डोंगराचा. दुसऱ्या दिवशी पेशंट आणायचे होते. "मग आत्ताच बघून येऊ," असं म्हणताना ह्यांचा आवाज चिरकला. मीही मागे बसले. नवरा आणि एकुलती एक लेक एकाच गाडीतून निघाल्यावर मी घरी बसून काय करणार होते?

चढताना गाडी नुसती कण्हत होती. उतरताना सगळ्यात अरुंद वळणावर तिने उडी मारल्यासारखा हिसका दिला आणि लेकीने स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना सरळ कडेला गेली. लेकीने ब्रेक दाबला. पुढच्या काचेतून रस्ता दिसेना, नुसते दरीतल्या झाडांचे शेंडे. माझी पाचावर धारण बसली.

"दांडा?" ह्यांनी विचारलं.

"सोडलेलाच आहे, बघा ना."

"वर सुटलाय. आत सुटला नाही. जरा रिव्हर्स घे."

गाडी थोडी मागे सरकली तशी खालून ठण्णकन आवाज आला. "चाकांमधला पीळ सुटला," हे म्हणाले, "पण पुढच्या वळणावर पुन्हा बसेल."

"गाडी इथंच राहू दे, चालत जाऊ," मी म्हटलं.

"वळणावर? वरून येणारा आदळेल की."

ह्यांनी हँडब्रेक ओढला, चारही चाकांना दगड लावले, सगळं दोनदा तपासलं, आणि हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. माझा नवरा!

खालून आवाज आला, "दांड्याची पिन झिजलीय. दांडा हलतो, पण पुढची चाकं सोडणारी सळई जागची हलत नाही. बाळा, ब्रेकवरचा पाय काढू नकोस. सळई सुटली की गाडी हलेल."

हातोडीचा घाव बसला. गाडीला हिसका बसला, एक दगड करकरला, आणि मी किंचाळले. मग काहीच ऐकू येईना. आता संपलं सगळं, असंच मला वाटलं.

ऑइलने माखलेलं डोकं बाहेर आलं. ह्यांचे दात वाजत होते. हात लांब करून ह्यांनी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघितला. "सुटली सळई. सोड आता ब्रेक."

लेकीने सोडला नाही.

"पाय उचल, बाळा."

"उचलत नाही," ती म्हणाली. हट्ट नव्हता तो. तिचा गुडघा थडथड उडत होता, पण पाऊल ब्रेकला चिकटलेलंच. "बाबा, तुम्ही खाली होतात."

"आता वर आहे ना?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं. लहानपणीसुद्धा तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "तुम्हाला नेहमी असंच होतं?"

"नेहमी नाही गं," हे म्हणाले. "तू गाडी घेऊन निघालीस की होतं. परत आलीस की थांबतं."

मग दारापाशी गुडघे टेकून ह्यांनी तिचा घोटा दोन्ही हातांत धरला आणि हलकेच वर उचलला.