कुलूपवाल्याचं मौन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुलपं दुरुस्त करणारा एक जण बसायचा. त्याला सगळे रेडिओ म्हणत. किल्ली घासून व्हायला फार वेळ लागत नसे, पण तेवढ्यात त्याच्या सासऱ्याच्या मूळव्याधीपासून जगाच्या अंतापर्यंत सगळं ऐकून व्हायचं.

टेकडीवरच्या देवस्थानाला पायी जायचं ठरलं, तेव्हा त्याच्या बायकोनं परस्पर नवस बोलून टाकला: दर्शन होईपर्यंत नवरा अवाक्षर काढणार नाही.

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही बोलत बसला असता."

झालं, रेडिओ बंद. आणि नेमकी वाटेतली गावं अशी, की मुक्यालाही कंठ फुटावा! एका शेतातल्या बुजगावण्याला पोलिसाचा गणवेश चढवला होता आणि यात्रेकरू त्याला अदबीनं रस्ता विचारत होते. एका किराणा दुकानात कोंबडी तराजूतच झोपली होती. दुकानदार तिला न उठवता, तिच्यासकट साखर तोलत होता. पुढच्या गावात दोरीवरची विजार उडाली ती थेट गाढवाच्या तोंडावर बसली आणि ते गाढव विजारीसकट शाळेत घुसलं. रेडिओनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बायको मात्र "काय शांत वाटतंय ना!" म्हणत मजेत चालली होती.

दुपारी एका गावात विहिरीजवळ हिरवं बाकडं दिसलं. 'रंग ओला आहे' अशी पाटी खाली पडलेली. रेडिओला दिसली, बायकोला नाही. त्यानं हात उडवले, उड्या मारल्या, स्वतःचं बूड बडवून दाखवलं.

पाणी भरणाऱ्या एका आजीबाईंना गहिवरून आलं. "मुका आहे का गं बिचारा?"

बायको खोटं बोलत नसे. "हो, सध्या आहे," ती म्हणाली.

आजीबाईंनी त्याच्या तोंडाला तांब्या लावला. "पी बाळा, आमच्या विहिरीचं पाणी आहे." घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच बायको बाकड्यावर टेकली.

"अगं ए, रंग ओला आहे!"

"बोलला! मुका बोलला!" आजीबाई ओरडल्या. सगळा गाव धावला. विहिरीवर झुंबड उडाली. एकीनं तर आपल्या घुम्या जावयाला दंडाला धरून आणलं. रेडिओला पारावर बसवून लोक म्हणाले, "बोला, अजून बोला!"

तो बोलला. बुजगावणं झालं, कोंबडी झाली, सासरे झाले. दिवस कलला तरी तो आपला सासऱ्यांच्या ऑपरेशनवरच. शेवटी सरपंच आजीबाईंच्या कानाशी लागले, "आजी, हे पाणी उलटं नाही का हो चालत?"

गावानं हातापाया पडून दोघांना दुधाच्या टेम्पोत बसवलं आणि थेट देवस्थानाच्या पायऱ्यांशी सोडलं.

हिरव्या पट्ट्यांचं लुगडं सावरत बायको कडाडली, "मौन मोडलं, पायी यायचं तेही राहिलं! आता देवाला काय तोंड दाखवू?"

"तू नुसती उभी राहा. मी सांगतो त्याला," रेडिओ म्हणाला.

आणि तो आत जो गेला, तो पुजाऱ्यानं दंडाला धरून बाहेर काढला तेव्हाच आला.