लेकीसारखी

हातात लोकर कातायची चाती फिरत असली तरच अक्का बोलायच्या. चाती थांबली की त्याही गप्प. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरची मेंढरं कधीच विकली होती, पण भावकीतली लोकर आणून त्या दुपारभर लिंबाखाली कातत बसायच्या. ती संथ फिरणारी चाती बघता बघता मला भर उन्हात गुंगी यायची. आजही ती दुपार डोळ्यांसमोर तरंगत असते.

मी औरादकडची. आई लहानपणीच गेलेली. हुलसूरजवळच्या या घरात नांदायला आले, तेव्हा कुणीतरी लेक म्हणावं एवढीच आस होती. अक्का शेजारणींना सांगायच्या, "सून लेकीसारखी हाय माझी." मला बरं वाटायचं, पण पोटभर नाही.

घरी बसून मराठीत बी.ए. करायचं ठरवलं, तेव्हा अक्कांनी एकच अट घातली, "वाचायलीस तर मोठ्यानं वाच. मला बी कळू दे." मग लिंबाखाली आमचे अलंकार सुरू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी चेतनगुणोक्ती मोडीत काढली. धागा तुटला तशा त्या म्हणाल्या, "आज रुसली चाती." मी पुस्तकातलं सांगितलं, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं म्हटलं की ती चेतनगुणोक्ती. "निर्जीव कोण म्हनलं हिला?" असं विचारत त्यांनी चाती पदराने पुसली.

अतिशयोक्ती मात्र त्यांच्या जिभेवर बसली. "तुझे मामंजी हेच करायचे. मेंढरं साठ, सांगायचे तीनशे." पुढे गावात कुणी फुशारकी मारायला लागला, की त्या शांतपणे म्हणायच्या, "अतिशयोक्ती करायलास बाबा." समोरचा चक्रावून जायचा.

उपमेच्या दिवशी लबाडी मीच केली. पुस्तकातलं चंद्रासारखं मुख सोडून 'लेकीसारखी सून' हे उदाहरण दिलं. दोन गोष्टी वेगळ्याच असतात, नुसता सारखेपणा दाखवायचा, ती उपमा. 'सारखी' काढून दोन्ही एकच मानल्या, तर रूपक. अक्का कातत राहिल्या. "व्हय का" एवढंच म्हणाल्या. माझा हिरमोड झाला.

मी पास झाले त्याच वर्षी अक्का आजारी पडल्या. बीदरच्या दवाखान्यात हातात चाती नव्हती, त्यामुळे बोलणंही नव्हतं. एके सकाळी नर्सने माझ्याकडे बोट करून कन्नडमध्ये विचारलं, ही कोण? रिकाम्या हातांनीच अक्का बोलल्या, "मगळु." म्हणजे लेक.

माझे डोळे भरून आले. रडू लपवायला मी थट्टेने म्हटलं, "अक्का, हे रूपक झालं."

त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. "न्हाई गं. हे खरं हाय."

चार दिवसांनी त्या गेल्या. आता मी गावातल्या मुलांची मराठीची शिकवणी घेते, त्याच लिंबाखाली. उपमेला 'लेकीसारखी सून' अजून चालतं. रूपकाची पाळी आली, की मात्र मी दुसरं उदाहरण शोधते.