मंजुळाआत्यांची कवळी आणि माझे यंत्र

लिफ्टमध्ये शिरल्यावर मंजुळाआत्या प्रथम स्वतःची ओळख करून देत. "मंजुळा. तिसरा मजला," असे भिंतीकडे पाहून स्पष्टपणे सांगत आणि मगच बटण दाबत. लिफ्टला ऐकू येत नाही, हे मी त्यांना एकदा रीतसर समजावून दिले.

"नसंल येत," त्या म्हणाल्या. "पर नाव न सांगता कुणाच्या खांद्यावर बसावं व्हय?"

पुनावळ्यातली आमची सोसायटी मूळ त्यांच्याच शेतावर उभी आहे. मुलाचा चाकणच्या बाजारात कांद्याचा गाळा. तिथे न खपलेला कांदा आमच्या पार्किंगमध्ये पसरे, तोही नेमका देशपांडेकाकांच्या गाडीशेजारी. या कांद्यापायीच आत्या आणि काका सोसायटीच्या अध्यक्षपदासाठी परस्परांविरुद्ध उभे राहिले. आत्या आल्या तर कांदा राहणार, काका आले तर जाणार.

मागच्या निवडणुकीत कोणीतरी दुसऱ्याच्या नावावर मत टाकल्याची कुजबुज होती. कारखान्यांसाठी चेहरा ओळखणारी हजेरीयंत्रे बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते. त्यामुळे मी सभेत उठून जाहीर केले, की यंत्राने ओळखल्याशिवाय कोणालाही मतपत्रिका मिळणार नाही. संशयाला जागाच उरणार नाही. सर्वांचे चेहरे मी स्वतः नोंदवून घेतले.

मतदानाच्या दिवशी आत्या नऊवारी, नथ आणि कोरी करकरीत कवळी लावून आल्या. यंत्राने जाहीर केले: ओळख पटली नाही. चेहरा नोंदवताना त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

"आत्या, क्षणभर कवळी काढता का?" मी हळूच विचारले.

"समद्यांम्होरं? मत द्यायला आलेय बाई, दवाखान्यात न्हाई!"

रांगेत गलका उठला. "काकांनी मशीन फितवलं राव!" असे कोणीतरी ओरडलेही. नियम माझा, यंत्र माझे, मी घामाघूम. तेवढ्यात देशपांडेकाकाच पुढे आले.

"अहो, याच त्या मंजुळाबाई! रोज भांडतो मी यांच्याशी, पाठमोऱ्यासुद्धा ओळखीन. द्या त्यांना मतपत्रिका. मत माझ्याविरुद्धच जाणार आहे, तरी सांगतोय!"

आत्यांनी यंत्राकडे करुणेने पाहिले. "ऐकलंस का रं? इरोधक वळखतोय, आन् तू?"

ज्याचे नुकसान होणार आहे, त्यानेच दिलेली साक्ष! इतका भक्कम पुरावा माझ्या कोणत्याही सूत्रात बसवलेला नव्हता. यंत्र अडखळले तर दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारावे, ही तरतूद मी तिथल्या तिथे नियमात घातली.

आत्या एका मताने हरल्या. चिरंजीव बाजारात कांदा विकण्यात गुंतल्याने मतदानाला आलेच नव्हते.

"मोजताना आपली मानसं हुती?" त्यांनी मला विचारले.

"होती, आत्या. शेवटपर्यंत."

"मग बराबर हारले."

संध्याकाळी कांद्याच्या गोण्या टेम्पोत चढल्या. प्रत्येक गोणीच्या एका टोकाला आत्या होत्या, दुसऱ्या टोकाला काका, आणि भांडण अखंड चालू होते. मग पदर झटकून आत्या माझ्यासोबत लिफ्टमध्ये आल्या आणि भिंतीकडे पाहून म्हणाल्या,

"मंजुळा. तिसरा मजला. हारलेली."

आणि मगच त्यांनी बटण दाबले.