काकूंच्या भिंतीवरचे राजहंस

पद्मजाच्या घरात एकही भिंत तिची नव्हती, आणि भिंतींविषयी तिच्याइतकं बोलणारं त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत कुणी नसावं. शिकागोजवळ शॉमबर्गला ती आणि तिचा नवरा यतीन भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. एक बेडरूम, चारही बाजूंनी ऑफ-व्हाइट, आणि लीजमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं की रंग लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही. गाडी एकच, ती सकाळी यतीन घेऊन जायचा. व्हिसा असा, की हिनं नोकरी करायची नाही. पुण्यात इंटीरियरचा डिप्लोमा केलेली, दीड वर्ष एका ऑफिसात मान मोडून ड्रॉइंग काढलेली मुलगी. ती इथे येऊन काय करणार? खिडकीतून बर्फ बघून बघून किती बघणार?

तर तिला इंटरनेटवर ‘आपलं अंगण’ सापडलं. जगभरची मराठी माणसं तिथे जमून गप्पा मारायची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि एकमेकांना न विचारलेले सल्ले द्यायची. त्यात ‘घर सजवताना’ नावाचा एक कोपरा होता. पद्मजा तिथे ‘रंगरेषा’ या नावानं शिरली आणि महिन्याभरात तिथली पाटलीण झाली. कुणी विचारायचं, छोट्या हॉलला कुठला पडदा? रंगरेषाताई सांगायच्या. कुणी विचारायचं, देव्हारा फायरप्लेसच्या वर ठेवला तर चालेल का? रंगरेषाताई त्यावर पानभर लिहायच्या. ज्ञान होतं, नाही असं नाही. लायब्ररीतली घरसजावटीची सगळी मासिकं तिनं पाठ केली होती.

पण ज्ञानानं कुणाचं पोट भरलंय? हळूहळू तिनं लिहायला सुरुवात केली, ‘आमच्याकडे आम्ही असं केलंय.’ आमच्याकडे हार्डवूडची जमीन आहे. आमच्याकडे लिव्हिंग रूमची एक भिंत टेराकोटा रंगाची आहे, येणारा प्रत्येक जण थबकतो. हे टाइप करताना ती ज्या सोफ्यावर बसलेली असायची तो मालिनीकाकूंच्या बेसमेंटमधून आलेला होता, तपकिरी, एका बाजूला खचलेला. यतीननं एकदा मागून वाचलं आणि म्हणाला, “आपली टेराकोटा भिंत कुठली गं? मला दाखव ना, मी पण थबकतो.” ती हसली आणि विषय बदलला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण तिच्या आईच्या तोंडी सतत असायची, पण आई पुण्यात होती.

आता मालिनीकाकूंचं सांगायला हवं. काकू आणि हेमचंद्रकाका एकाहत्तर साली आलेले. काका इंजिनियर होते, आता रिटायर झालेले. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी जोडप्याला काकूंच्या बेसमेंटमधून संसार मिळायचा. सोफा, कुकर, पोळपाट, एखादी गादी. कुणाची कायमची सोय झाली की ती वस्तू परत बेसमेंटला आणि तिथून पुढच्याकडे. पद्मजा पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं समोरच्या दाराची बेल वाजवली होती. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “बेल परक्यांनी वाजवायची. आपली माणसं गराजमधून येतात. दाराचा कोड लिहून घे, एकोणीसशे एकाहत्तर.” तेव्हापासून ती गराजमधून जायची. वॉशिंग मशीनपाशी चपला काढायच्या, किचनमध्ये डोकावायचं, खाली बेसमेंटमध्ये उतरायचं. गणपती तिथेच, हळदीकुंकू तिथेच, चहा स्टीलच्या मगमध्ये. घराच्या पुढच्या बाजूला काचेच्या दाराची एक खोली होती. तिचे पडदे नेहमी ओढलेले असायचे. तिथे कुणी जायचं नाही, आणि पद्मजानंही कधी विचारलं नाही.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत ‘नवशिकी’ नावाच्या कुणी बाईनं अंगणात एक फोटो टाकला. फोटो जरा हललेला होता. खाली लिहिलं होतं, “मुलाचं लग्न ठरत आहे. त्याच्या होणाऱ्या सासरची माणसं कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून घर बघायला येणार आहेत. ही आमची बसायची खोली. काय बदलू? मला यातलं काही कळत नाही. कृपया स्पष्ट सांगा.”

आणि स्पष्ट सांगायला रंगरेषाताई बसल्याच होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. खोलीत मोठ्या खिडकीपाशी प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला सोफा होता, प्लॅस्टिकचीच फुलं होती, आणि भिंतीच्या मधोमध दोसुतीच्या कापडावर लोकरीनं भरलेले दोन पांढरे राजहंस, जाड सोनेरी चौकटीत. त्यातल्या एकाची मान दुसऱ्यापेक्षा बरीच लांब.

पद्मजानं लिहिलं, “फोटो उघडला आणि वाटलं, मी डेंटिस्टकडे नंबर लावून बसलेय. सोफ्याला श्वास घेऊ द्या हो, प्लॅस्टिक काढा. फुलंही काढा, फुलदाणीत बांबू ठेवा. आणि ती बदकं! एकाची मान इतकी लांब, की त्याच्या आजोळी कुणीतरी जिराफ असणार. ती आधी उतरवा, येणारे पाहुणे दारातूनच परत जातील. ती भिंत टेराकोटा करा. आमच्याकडे तीच आहे.”

लोक तुटून पडले. जिराफावरून बेचाळीस उत्तरं आली. कुणी न्यू जर्सीहून, कुणी लंडनहून, हसून पोट दुखलं म्हणाले. पद्मजाला त्या दिवशी भात जास्तच गोड लागला. संध्याकाळी नवशिकीनं एवढंच लिहिलं, “धन्यवाद ताई. तुम्ही सांगता तसं करते.” ती ओळ पद्मजानं वाचलीही नीट नाही.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी काकूंचा फोन आला. “काल आमच्या राजीवच्या सासरची माणसं आली होती, छान झालं सगळं. पुरणपोळ्या उरल्यात, घेऊन जा.” पद्मजा त्याच दुपारी यतीनबरोबर गेली. यतीन काकांशी बोलत खाली थांबला. काकू म्हणाल्या, “चल, तुला एक गंमत दाखवते. तुला यातलं कळतं.” आणि त्यांनी काचेचं दार उघडलं.

समोरची भिंत टेराकोटा रंगाची होती. सोफ्यावर प्लॅस्टिक नव्हतं. कोपऱ्यात फुलदाणीत बांबू. सगळं जसंच्या तसं, तिनं लिहिलेलं, ओळीनं. भिंतीच्या मधोमध बुजवलेल्या खिळ्याची खूण रंगाखालूनही दिसत होती.

हललेल्या फोटोतली खिडकी हीच होती, हे तिला आत्ता कळलं.

“इंटरनेटवर एक बाई आहेत,” काकू सांगत होत्या. “फार हुशार. राजीवनं मला शिकवलं ना, कसं लिहायचं, फोटो कसा घालायचा. त्यांनी सगळं सांगितलं. जरा टोचून बोलल्या, पण खरं बोलल्या. लोक पण खूप हसले त्यावर.” त्या थांबल्या. “मला एवढंच वाटलं बघ, बत्तीस वर्षं ते चित्र भिंतीवर होतं. किती लोक येऊन गेले. सगळे मनातल्या मनात हसत असतील, आणि आपल्याला पत्ताच नाही. म्हणून तर मी पुढे ही खोली बंद ठेवायला लागले की काय, असंही वाटलं. आतून कळत असेल माणसाला.”

“नाही हो काकू,” पद्मजा म्हणाली.

काकूंनी सोफ्याच्या मागून चौकट काढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. “पहिल्या हिवाळ्यात केलं होतं मी. ह्यांची गाडी एकच, मला ड्रायव्हिंग यायचं नाही, बोलायला कुणी नाही. राजीव पोटात होता. दिवसभर मळमळायचं, टाके मोजता मोजता चुकायची. म्हणून ह्याची मान अशी लांब झाली. उसवायचं ठरवलं होतं, पण हे म्हणाले, राहू दे, तो खिडकीबाहेर कोण येतंय ते बघतोय.” काकू जरा हसल्या. “फेकवत नाही गं. तुमच्याकडे भिंती रिकाम्या आहेत म्हणून विचारते. नको असेल तर स्पष्ट सांग, हल्ली मला स्पष्ट ऐकायची सवय झालीय.”

इथे तोंड उघडायचं होतं. दोन शब्द पुरले असते. पण पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि त्यातही भीती ही, की काकूंनी एकदा ऐकलं की हे घर सुटलं. या देशात तिला दुसरं माहेर नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चौकट तिच्या हातात दिली.

घरी खिळा ठोकायचा नाही, म्हणून तिनं हंस सोफ्याशेजारी जमिनीवर भिंतीला टेकून ठेवले. यतीन म्हणाला, “काकूंचं ना हे? भारी आहे यार, हातानं केलंय.”

सोमवारी सकाळी तिनं अंगण उघडलं. नवशिकीनं नव्या खोलीचा फोटो टाकला होता. “रंगरेषाताईंचे आभार. पाहुण्यांना खोली आवडली. जुनं चित्र आमच्या ओळखीच्या एका मुलीला दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला तरी आवडलं, याचा आनंद झाला.” खाली लोकांनी रंगरेषाताईंना हार घालायला सुरुवात केली होती.

पद्मजा दोन वेळा स्वयंपाकघरात जाऊन आली. ओटा पुसलेला होता, तो परत पुसला. मग यतीनचा कॅमेरा काढला आणि आपल्या खोलीचा फोटो घेतला. ऑफ-व्हाइट भिंत, खचलेला तपकिरी सोफा, जमिनीवर राजहंस. खाली लिहिलं, “हे माझं घर. टेराकोटा भिंत आमच्याकडे कधीच नव्हती. हार्डवूडही नाही. ज्या चित्राला मी हसले ते हे, आणि ती मुलगी मी आहे. डोळ्यांत पाणी आलं ते आवडलं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. — रंगरेषा, म्हणजे पद्मजा.” तिनं बटण दाबलं आणि स्क्रीनकडे पाठ करून बसली.

दुपारी फोन वाजला.

“पद्मजा,” काकू म्हणाल्या. “तुझ्याकडे भिंत नव्हती, म्हणून माझी रंगवलीस होय?”



“चुकले काकू,” ती म्हणाली.

“हंस परत आणून दे.” फोन ठेवला गेला.

संध्याकाळी यतीन तिला सोडायला गेला. ती म्हणाली, तू गाडीतच थांब. चौकट दोन्ही हातांनी छातीशी धरून ती गराजपाशी गेली. कोडची पेटी समोर होती. तिचं बोट पहिल्या आकड्यापर्यंत गेलं आणि परत आलं. ती वळली, बर्फ बाजूला सारलेल्या वाटेनं समोरच्या दाराशी गेली आणि बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. तिच्याकडे बघितलं, मग गराजच्या दिशेनं बघितलं. “या,” म्हणाल्या, ‘ये’ नाही. पुढच्या खोलीत तिला सोफ्यावर बसवलं. चौकट घेऊन त्यांनी काकांच्या हातात दिली. काका हातोडी आणायला आत गेले, आणि थोड्याच वेळात त्या नव्या रंगात, जुन्या जागी, खिळा ठोकल्याचा आवाज यायला लागला.

काकू ट्रे घेऊन आल्या. त्यात सोनेरी काठाचे पातळ कप होते, बशा होत्या, साखर वेगळी, छोटा चमचा वेगळा. राजीवच्या सासरच्या माणसांसाठी काढलेला सेट. पद्मजानं या घरात दोन वर्षांत स्टीलच्या मगशिवाय कशातून चहा घेतला नव्हता.

“साखर किती घेणार?” काकूंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, ती दोन चमचे घेते.